तेरा नंबरचा सालदार

आज सकाळी दुकान उघडायला निघालो तर बसस्टॉपवर फ्लेक्स. दहा बाय आठचा. ‘तालुकास्तरीय शालेय फुटबॉल स्पर्धेत दणदणीत विजय मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर नेते, नेत्यांच्या बाजूला नेत्यांचे चिरंजीव, खाली शुभेच्छुकांची रांग. या शुभेच्छुकांतल्या निम्म्या लोकांनी जन्मात बॉलला पाय लावला नसेल. मधोमध आमचा नऊ नंबर, फायनलला दोन गोल मारलेला, हात वर करून. उजव्या कोपऱ्यात मी. गॉगल लावून.

सहा नंबर नाही.

तीनदा पाहिलं. गाडी स्टँडवर लावून, चहावाल्याला ‘थांब रे जरा’ म्हणून पुन्हा पाहिलं. अकरापैकी सात पोरांचे चेहरे आहेत. गोलकीपर आहे, ज्याला फायनलला फारसं कामच पडलं नाही. का पडलं नाही? कारण त्याच्यापर्यंत बॉल जाऊच दिला नाही आमच्या सहा नंबरने. बारकं पोरगं आहे, नाव इथं टाकत नाही, लाजते. शाळेतून घरी गेलं की आधी बकऱ्या चारून आणते, मग आखरावर, म्हणजे गावाकडेच्या मोकळ्या जागेवर, खेळायला येते. त्याच्या पायात जी ताकद आहे ती बकऱ्यांच्या मागं पळून आली आहे, माझ्या कोचिंगने नाही.

डोकं फिरलं माझं. तेव्हापासून दुकानात बसून हे टाइप करतोय. आज खांदशेकणी, म्हणजे बैलांचे खांदे शेकायचा दिवस, उद्या पोळा, त्यामुळे गिऱ्हाईक तसंही नाही.

मी काही फुटबॉलचा पंडित नाही. कृषी केंद्र चालवतो, संध्याकाळी आखरावर पोरं खेळवतो, बस. पण ही जी सवय आहे ना आपली, गोल मारणाऱ्याला खांद्यावर घ्यायचं आणि बॉल हिसकावून आणणाऱ्याला ‘तू कोण बे’ विचारायचं, ही मला आता सहन होत नाही. तुम्हालाही होत नसेल. होत असेल तर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये काय करता माहीत नाही.

बाबांची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या तोंडून ऐकली आहे. पुन्हा ऐका.

३० जून २०१८, शनिवार. वर्ल्डकपची फ्रान्स-अर्जेंटिना मॅच. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. बाबा वावरातून आले, पाय धुतले, स्वयंपाक व्हायचा होता म्हणून टीव्हीपुढं टेकले. फुटबॉल त्यांनी त्याआधी कधी पाहिला नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय ते मला त्यांना आजतागायत समजावता आलेलं नाही. त्या मॅचला सात गोल झाले, चार-तीन. एम्बापे नावाचं एकोणीस वर्षांचं पोरगं हरभऱ्यातून रोही पळावा तसं पळत होतं. घरातले सगळे त्याच्यासाठी ओरडत होते. बाबांचं लक्ष भलतीकडेच.

“तो तेरा नंबरवाला बारका कोन व्हय रे?”

“कान्ते. एन्गोलो कान्ते.”

“मघापासून त्या दाढीवाल्याच्या मांगं मांगं हिंडू रायला.”

दाढीवाला म्हणजे मेस्सी! मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि मग माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “हा सालदार दिसते या टीमचा.”

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो. सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. वखर त्याचा, डवरा त्याचा, फवारा त्याचा, रात्री दोनला लाइन आली की ओलित त्याचं, बैलांचं चारापाणी त्याचं आणि मालकाच्या पाहुण्याला एसटीवर सोडून येणंही त्याचंच. पीक उभं राहिलं की रस्त्यानं जाणारा म्हणतो, ‘पाटलाचा कापूस पाहा यंदा!’ माझे बाबा अकरा वर्षं सालदार होते. तेव्हा त्यांनी टीव्हीवर जे ओळखलं ते कॉमेंट्रीवाल्यांना ओळखता आलं नाही यात मला काही नवल वाटत नाही.

आता या तेरा नंबरची कुंडली ऐका. आई-बाप मालीचे, १९८० मध्ये फ्रान्सला आलेले. पोरगा १९९१ चा, पॅरिसचा. तो अकरा वर्षांचा असताना बाप गेला. सुरेन नावाच्या पॅरिसच्या उपनगरातल्या छोट्या क्लबात आठव्या वर्षी गेला आणि एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तिथंच. या वयात तिकडची हुशार पोरं मोठ्या क्लबांच्या अकादमीत असतात. याला कोणी घेतलं नाही. उंची पाच फूट सहा इंच, बारका म्हणून नापास. मग बुलोन नावाच्या क्लबात, तिथंही तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. सरावाला पायानं ढकलायच्या स्कूटरवर यायचा म्हणतात. मग काँ हा क्लब, दुसऱ्या दर्जाची लीग, तिथून पहिल्या दर्जात. आणि चोवीसाव्या वर्षी, २०१५ ला, इंग्लंडच्या लेस्टरला.

लेस्टर हा क्लब आदल्या वर्षी खालच्या लीगमध्ये घसरता घसरता वाचलेला. सट्टेवाल्यांनी तो चॅम्पियन होण्याचा भाव लावला होता एकाला पाच हजार. आणि झाले चॅम्पियन. वार्डीचे गोल आठवतात, माहरेझची जादू आठवते, म्हाताऱ्या कोचचं हसू आठवतं. कान्तेने त्या मोसमात १७५ टॅकल केले, म्हणजे समोरच्याच्या पायातून बॉल काढला, लीगमध्ये सगळ्यात जास्त. ते कोणाला आठवतात? टॅकल कोणी स्टेटसला ठेवत नाही ना.

पण पुढची गोष्ट त्याहून भारी आहे. २०१६ ला चेल्सीने त्याला नेला. चेल्सी आदल्या मोसमात दहाव्या नंबरवर होती. तो आला आणि चेल्सी चॅम्पियन. आणि तो ज्यांना सोडून गेला ते लेस्टर? बाराव्या नंबरवर. ज्या कोचचा वर्षापूर्वी देशभर जयजयकार झाला त्याला फेब्रुवारीत घरी पाठवलं. वार्डी तिथंच होता, माहरेझ तिथंच होता. मालक तोच, वावर तेच, बैल तेच. सालदार गेला होता. त्या वर्षी मात्र इंग्लंडच्या खेळाडूंनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कान्तेला निवडलं, हे सांगायलाच पाहिजे. सोबत खेळणाऱ्याला कळतं.

असो. फ्लेक्सकडे येतो. तो फ्लेक्स अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

टाकणाऱ्यांना मी सकाळपासून मनात खूप शिव्या दिल्या. आता तास झाला, जरा थंड झालोय, तर खरं सांगून टाकतो. फोटो मीच पाठवले होते. परवा रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, ‘सर, पोरांचे चांगले फोटो टाका, डिझाइन करायची आहे.’ मी गॅलरी उघडली, भराभर निवडले, सोडले. सहा नंबरचा टाकला नाही कारण त्याचा फोटो नव्हताच. दोन मॅचचे दीडशे-दोनशे फोटो, त्यात तो एकटा कुठंच नाही. एका फोटोत त्याची पाठ आहे. एकात कोपर. एकात चिखल उडालेला आहे आणि त्या चिखलात तो आहे हे फक्त मला ठाऊक.

फायनलचा दुसरा गोल घ्या. समोरच्या टीमचं दांडगं पोरगं बॉल घेऊन आमच्या गोलकडे सुटलं होतं. सहा नंबरने घसरून बॉल काढला, उठला, मान वर करून पाहिलं, उजवीकडे दिला. तिथून पास मधे, नऊ नंबरने पाय लावला, गोल. माझ्या मोबाइलमधला व्हिडिओ सुरू होतो कुठून? उजवीकडच्या पोरापासून. तिथून पुढं मी रेकॉर्ड केलं. मी! ज्याचा बाप सालदार होता तो मी.

तर शिव्यांमधल्या अर्ध्या मी स्वतःला घेतो. उरलेल्या अर्ध्या ज्यांच्या आहेत त्यांना पोचल्याच असतील. आणि उद्या पोळ्यात कोणी या फ्लेक्सवर एखादी झणझणीत झडती, म्हणजे पोळ्यातलं टोमण्याचं गाणं, म्हटली तर माझ्याकडून त्याला नाश्ता.

हे काही फक्त आपल्या तालुक्याचं दुखणं नाही म्हणा. कान्तेच्याही आधी फ्रान्सचाच एक होता, क्लोद माकेलेले. जन्म किन्शासाचा. हेच काम करायचा, इतकं की त्या जागेलाच इंग्लंडात त्याचं नाव पडलं. २००० ते २००३ रियाल माद्रिदला. झिदान, फिगो, ब्राझीलवाला रोनाल्डो, एकाहून एक नवरदेव, आणि मांडवाच्या मागं भात उतरवणारा हा एकटा. त्यानं म्हटलं, माझा पगार वाढवा, यांच्या मानाने फारच कमी आहे. आमच्याकडे पाडव्याच्या आधी सालदार मालकाच्या ओट्यावर जाऊन बसतो ना, चपला काढून, ‘यंदा साल थोडं वाढवून द्या’ म्हणायला, अगदी तसंच. नाही वाढवला. बेकहॅमला आणलं आणि याला चेल्सीला विकून टाकलं. २००३ ला स्पेनची लीग जिंकलेल्या रियालला ती पुन्हा जिंकायला २००७ उजाडलं. इकडे चेल्सीने २००५ आणि २००६, लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली. त्याआधी त्यांनी ती जिंकली होती १९५५ ला. पन्नास वर्षांनी!

बाबांना ही गोष्ट सांगितली होती मी. ते म्हणाले, “मालकाले वाटते, काम वावर करते.”

कबड्डीत तरी बरं आहे. पकड केली की पॉइंट मिळतो, सुपर टॅकल झाली तर दोन. फळ्यावर दिसतं. फुटबॉलमध्ये तू जिवाच्या आकांताने नव्वद मिनिटं चाळीस वेळा बॉल काढ, फळ्यावर शून्यच.

आता कोणीतरी कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहितो. हो, गोल मारणं सोपं नाही. आमच्या नऊ नंबरला ती जागा दिसते, बाकीच्यांना दिसत नाही, ही देवाची देणगी आहे आणि त्या पोराचा यात काही दोष नाही. हो, २०२४ ला रॉड्रीला, म्हणजे याच जागेवर खेळणाऱ्याला, बॅलन डी’ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला. मिळाला. एका हातावर मोजता येतील इतक्यांना मिळाला, ठीक आहे. कान्ते २०२१ ला पाचवा आला होता. आणि हो, मेस्सी मेस्सीच आहे, माझ्या दुकानात त्याचं पोस्टर आहे, भांडू नका.

२०२१ वरून आठवलं. लॉकडाऊनचे दिवस. गावात रोज कोणाच्या तरी घरी रडारड, रात्री झोप लागायची नाही. २९ मेला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, आपल्याकडे रात्री साडेबारा. गच्चीवर मोबाइल घेऊन एकटा बसलो होतो. मँचेस्टर सिटी विरुद्ध चेल्सी. सिटीचा कोच ग्वार्डिओला, जगातला सगळ्यात हुशार डोक्याचा माणूस. त्यानं काय करावं? रॉड्री बसवला बाहेर, फर्नांडिन्यो बसवला बाहेर. सालदाराशिवाय पेरणी! समोर कान्ते. चेल्सी एक-शून्यने जिंकली, गोल हावर्ट्झचा, पण सामन्याचा मानकरी कान्ते. त्याआधी रियालविरुद्ध सेमीफायनलच्या दोन्ही मॅचलाही तोच मानकरी. त्या रात्री दोन-अडीच तास गावातली सगळी वाईट बातमी माझ्या डोक्यातून गेली होती, एवढे उपकार आहेत त्या माणसाचे माझ्यावर.

पण मला परत २०१८ ला जायचं आहे. बाबांच्या गोष्टीचा दुसरा भाग राहिला.

१५ जुलै, रविवार, फायनल, फ्रान्स-क्रोएशिया, रात्री साडेआठला. या वेळी बाबा स्वतःहून बसले. त्यांना फ्रान्सशीही घेणं नव्हतं आणि क्रोएशियाशीही. “आज सालदार हाय ना?” एवढंच विचारलं. होता. पण कान्ते त्या दिवशी कान्ते वाटत नव्हता. बॉल त्याच्या बाजूनं निघून जात होता, सत्ताविसाव्या मिनिटाला पिवळं कार्ड घेतलं. मी वैतागून काहीतरी बोललो, ‘आजच याला काय झालं’ वगैरे. पंचावन्नाव्या मिनिटाला कोचने त्याला बाहेर काढलं. वर्ल्डकपच्या फायनलमध्ये! मी म्हटलं, बरं झालं.

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “त्याले बरं नसन.”

“काहीही काय बाबा? वर्ल्डकपची फायनल आहे, बरं नसतं तर सांगितलं नसतं का?”

“सालदार कधी सांगत नसते लेका, बिमार हाय म्हून. तो हळू चालाले लागला की आपनच समजाव.”

फ्रान्स चार-दोनने जिंकलं. मॉस्कोला बक्षीस वाटताना धो धो पाऊस आला, सगळे चिंब, बाबा म्हणाले पाऊस चांगला आहे लेका तिकडं, आणि उठून झोपायला गेले. काही दिवसांनी मी वाचलं की कान्तेचं पोट बिघडलेलं होतं, तशाच अवस्थेत तो उतरला होता. मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, डवऱ्याची पास शोधत होते, त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

अजून एक ऐकलं ते असं, की वर्ल्डकप सगळे हातात घेऊन नाचत होते, फोटो काढत होते आणि हा बाजूला उभा. मला द्या म्हणायची लाज. शेवटी सोबतच्यांनी त्याच्या हातात आणून दिला. मग त्या सगळ्यांनी मिळून त्याच्यावर गाणं रचून म्हटलं, मेस्सीला यानं कसं अडवलं त्याचं. तो लाजून हसत होता.

बाबांनी अकरा वर्षांत एकदा तरी सांगितलं असेल का, बरं नाही म्हणून? मी लहान होतो. एकदा ते सकाळी वखर घेऊन निघाले आणि गोठ्याच्या भिंतीला हात लावून थोडा वेळ उभे राहिले होते, एवढं आठवतं. मग गेले. मी तेव्हा विचारलं नाही, आईनेही विचारलं नाही. असं वाटतं की आईला कळलं असेल.

कान्ते पुढं २०२२ च्या वर्ल्डकपला गेलाच नाही, मांडीचं ऑपरेशन झालं होतं. फ्रान्स फायनलला पेनल्टीवर हरलं. तो असता तर जिंकले असते असं मी म्हणणार नाही. म्हणणार नाही, पण वाटतं. २०२३ ला सौदीला गेला. त्यावरून मला एका मित्राने टोमणा मारला होता, ‘तुझा सालदार शेवटी पैशाच्याच मागं गेला ना!’ गेला. चांगलं केलं. बत्तीस वर्षांचा झाला होता, गुडघे-मांड्या झिजवल्या होत्या. आणि तसाही तो कोट्यधीश आहे, त्याची आणि खऱ्या सालदाराची बरोबरी नाही, एवढं मलाही कळतं. पण कोट्यधीश होऊनही लंडनमध्ये छोटी मिनी गाडी चालवायचा. एकदा त्याची रेल्वे चुकली, मशिदीत भेटलेल्या एका अनोळखी चाहत्याने जेवायला चल म्हटलं, तर हा त्याच्या घरी गेला, जेवला, त्यांच्या टीव्हीवर मॅच पाहिली. आणि २०२४ च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, देशाकडून दोन वर्षं न खेळलेला, तेहतीस वर्षांचा, सौदीत ‘संपलेला’ माणूस परत बोलावला, तर ऑस्ट्रियाविरुद्ध पहिल्याच मॅचला मानकरी. घ्या.

दुपारी सहा नंबर दुकानावर आला होता. सायकलवर, एक पाय पायरीवर टेकवून. मी काय बोलणार? म्हटलं, फ्लेक्स पाहिला का रे? म्हणाला, “पाह्यला ना सर. तुमचा गॉगल मस्त दिसते.”

कसं मोजायचं हे? त्याच्या आवाजात काही नव्हतं. टोमणा नाही, रुसवा नाही. मीच शोधत होतो, सापडला नाही. मी त्याला म्हटलं, इकडे ये, उभा राहा नीट, फोटो काढतो तुझा. तर म्हणे आत्ता नको सर, बैलांसाठी बेगड आणि रंग न्यायचा आहे, उशीर झाला तर बाबा ओरडते. आणि गेला पायडल मारत. म्हणजे फोटो आजही नाही.

आता घरी आलोय. लाइन नाही, मोबाइलच्या उजेडात शेवटचं लिहितोय. गोठ्यात आमचा एक जोडा आहे, आता तीन एकर घरचं आणि चार ठोक्यानं करतो, त्यातून हा जोडा टिकवला आहे बाबांनी, मी ट्रॅक्टर घेऊ म्हणतो तर ऐकत नाहीत. आईने लोणी आणि हळद काढून ठेवली. पळसाची पानं आली. बाबांचे गुडघे गेलेत, पण खांदे शेकायचं काम ते कोणाला देत नाहीत. शेकता शेकता बैलाच्या कानाशी तेच म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

त्यांना फ्लेक्सची सगळी कथा सांगितली. गॉगलसुद्धा. ऐकून घेतली. मग विचारलं, “तो सहा नंबरवाला कोनाचा रे?”

सांगितलं कोणाचा.

“मंग त्यालेबी देऊन टाक आवतन. उद्या जेवाले बोलाव.”

फोन लावला. त्याच्या बापाचा नंबर, पण उचलला त्यानेच. म्हणाला, “येतो सर, पन पोळा फुटल्यावर. मालकाचा जोडा बाबाच नेते तोरणात, एक बैल मले धरा लागते.”